काळी बुरशी, पांढरी बुरशी आणि सगळ्यांवर एकच फवारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या शेतीच्या पानावर प्रश्नोत्तरात एकाने विचारलं होतं की पानांवर काळा थर चढलाय आणि पान उलटून बघितलं तर मावा मेलेला, त्याच्यावर राखाडी लव आलेली, काय करू. उत्तर दोन ओळीत आलं, बुरशीचा प्रादुर्भाव आहे, शिफारशीतलं बुरशीनाशक फवारा. झालं. वाचल्यापासून डोक्यात बसलंय म्हणून लिहितोय, पत्र लांब होणार आहे, कापायचं तर खुशाल कापा पण पहिला मुद्दा तेवढा राहू द्या.

पहिला मुद्दा असा की त्या एका पानावर दोन वेगळ्या बुरश्या होत्या आणि दोन्हीपैकी एकही पिकाला लागलेली नव्हती. काळी होती ती माव्याने टाकलेल्या साखरेच्या चिकट्यावर वाढत होती आणि राखाडी होती ती माव्याला मारून त्याच्या अंगातून वर आली होती. बुरशीनाशक मारल्याने काळीचा प्रश्न सुटत नाही कारण मावा जिवंत आहे तोवर तिचं जेवण चालूच राहणार, राखाडी मात्र बहुधा मरणार, जी बिचारी फुकटात माव्याचा बंदोबस्त करत होती. म्हणजे सल्ला तंतोतंत पाळला तर फायदा कोणाचा, तर माव्याचा. कीड आणि बुरशी एकत्र दिसली की आधी विचारायचं की या बुरशीचं त्या किडीशी नातं काय आहे, आणि मग औषधाचा डबा उघडायचा. एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याचंच स्पष्टीकरण.

काळीचं आधी बघू, ते सोपं आहे. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड, आंब्यावरचे तुडतुडे ही सगळी रस शोषणारी मंडळी. यातले बहुतेक पानातल्या ज्या नळ्यांतून साखर वाहते तिथे सोंड घालून बसतात. त्या रसात साखर भरपूर पण नायट्रोजन अगदीच कमी, त्यामुळे अंगाला लागेल एवढा नायट्रोजन मिळवायला ढीगभर रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर मागून बाहेर टाकावी लागते. तोच चिकटा. तो खाली पडतो, म्हणून बघा, काळा थर पानाच्या वरच्या बाजूला असतो आणि कीड त्याच्याही वरच्या पानाच्या पोटाला बसलेली असते, आपण मात्र काळ्या पानाकडेच बघत राहतो. कॅप्नोडियम आणि तिच्यासारख्या बुरश्या या साखरेवर वाढतात, पानात शिरत नाहीत. ओल्या बोटाने घासून बघा, काजळी निघते आणि खाली पान हिरवंगार असतं. नुकसान होत नाही असं मी म्हणत नाही, ऊन अडतं, पान नीट अन्न बनवू शकत नाही, फळं काळवंडतात आणि फुटलेल्या बोंडातला कापूस चिकट झाला तर तो पुढे सूत कातताना मशीनला त्रास देतो तो वेगळाच. पण उपाय किडीवर करायचा, आणि जोडीला मुंग्यांवर, कारण मुंग्या त्या साखरेसाठी माव्याची राखण करतात आणि मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत. कीड हटली की नवीन काजळी येत नाही, जुनी पावसा-वाऱ्याने हळूहळू सुटून जाते.

आता राखाडी. इथे लोक खूप फसतात आणि त्यांची चूक पण नाही, कारण माव्याच्या वसाहतीत पांढरं-राखाडी दिसणारं बरंच काही असतं. दहा पटीची साधी लेन्स घ्या, मोबाईलचा कॅमेरा झूम करून पण थोडंफार चालतं, आणि पान पालथं करून शांतपणे बघा. जे नुसतं पांढरं, पोकळ, कागदासारखं आणि पाठीवर चिरलेलं आहे ती कात आहे, मावा मोठा होताना कात टाकतो, म्हणजे उलट तो मजेत वाढतोय. जे गोल फुगलेलं, भुरकट सोनेरी आणि टणक आहे, त्याच्या मागच्या बाजूला कधीकधी गोल भोक असतं, तो मावा बारीक परोपजीवी गांधीलमाशीने खाल्लाय, तिने आत अंडं घातलं होतं आणि पिल्लू मोठं होऊन भोक पाडून गेलं. आणि जो मावा पाय पसरून पानाला चिकटलेला आहे, अंगावर मखमलीसारखी लव आहे, सुईने हलवला तर सहज सुटत नाही, आजूबाजूच्या पानावर बारीक पीठ सांडल्यासारखं दिसतंय, तो बुरशीने मेलाय. ते पीठ म्हणजे बीजाणू, बुरशीचं बीच म्हणा, मेलेल्या माव्याच्या अंगावरून ते उडवले जातात आणि शेजारच्यावर जाऊन पडतात. माव्याची गर्दी जेवढी दाट तेवढी ही साथ जोरात पसरते. पॅन्डोरा, निओझायगाइट्स अशी यांची नावं आहेत, त्यातल्या निओझायगाइट्स फ्रेसेनीने कापसावरचा मावा काही दिवसांत साफ कोसळतो.

हे नुसतं थिअरीत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाने १९९० च्या दशकात कापूस उत्पादकांसाठी एक सेवा सुरू केली, शेतातला मावा गोळा करून अल्कोहोलच्या बाटलीत घालून पाठवायचा, तिथे मायक्रोस्कोपखाली बघून किती टक्के माव्याला ही बुरशी लागली आहे ते कळवायचे. प्रमाण पुरेसं असेल तर सल्ला एकच, थांबा, फवारू नका, मावा आपोआप पडणार आहे. फवारणीच्या दिवसाऐवजी थांबण्याचा दिवस सांगणारी सल्ला सेवा, मला तर हे फार आवडलं, कारण आपल्याकडे बघावं तेव्हा सगळे काय मारू एवढंच विचारतात आणि उत्तर देणाऱ्यालाही काहीतरी मारायला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आणि उलटं केलं तर काय होतं तेही नोंदलेलं आहे. बटाट्यावर करप्यासाठी बुरशीनाशकं फवारली आणि त्या प्लॉटमध्ये हिरवा मावा वाढला, हे संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झालंय, कारण हेच, माव्याला मारणारी बुरशी फवाऱ्यात गेली. सोयाबीनमध्ये बेनोमिल नावाच्या बुरशीनाशकाने अळ्यांना मारणारी बुरशी दबते हेही त्याच दशकातलं. पन्नास वर्षं होऊन गेली आणि आपण अजून बुरशी दिसली की बुरशीनाशक. गैरसमज नको, मी बुरशीनाशकांच्या विरोधात नाही, बटाट्यावर करपा आला आणि तुम्ही तत्त्व सांभाळत बसलात तर आठवड्यात झाड काळं पडेल, तेव्हा फवारावंच लागतं. पण ते करप्यासाठी फवारा, मेलेल्या माव्यावरच्या लवेसाठी नको.

किडीला बुरशी मारते हे माहीत व्हायला सुद्धा एक इतिहास आहे आणि तो मला सांगावासा वाटतो कारण शाळेत आपल्याला पाश्चरपासूनच सुरुवात करून देतात. इटलीत लोदीजवळ अगोस्तिनो बास्सी नावाचा माणूस होता, शिक्षण वकिलीचं, नजर कमजोर, आणि हा १८०७ पासून रेशमाच्या अळ्यांच्या मागे लागला होता. अळ्या मरायच्या, कडक व्हायच्या आणि अंगावर पांढरी भुकटी यायची. सगळे म्हणायचे हवा वाईट, खाणं वाईट, आपोआप होतं. याने पंचवीसेक वर्षं घासून दाखवलं की ती भुकटी हीच रोगाचं मूळ आहे, ती निरोगी अळीला लावली की तिला तोच रोग होतो, आणि १८३५ मध्ये ते छापलं. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे पुराव्याने दाखवणारं हे पहिलं काम मानतात, पाश्चरच्या आधीचं. त्या बुरशीला पुढे त्याचंच नाव मिळालं, बिव्हेरिया बॅसियाना. आज किडीवर फवारायला जी पाकिटात मिळते तीच ही. रेशीमवाल्यांचा शत्रू तो बाकी पिकांचा मित्र, म्हणून तुतीच्या बागेजवळ बिव्हेरिया फवारताना दहा वेळा विचार करावा हे लेबलवर ठळक असायला पाहिजे असं माझं मत आहे. नंतर १८७९ मध्ये मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने ओडेसात गव्हावरच्या भुंगेऱ्यावर हिरवी बुरशी शोधली आणि ही मुद्दाम वाढवून किडीवर सोडता येईल असं सुचवलं, ती मेटारायझियम. या माणसाला पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, किडीच्या बुरशीसाठी नाही, असो.

ही बुरशी किडीला मारते कशी ते एकदा नीट समजलं की वापरताना होणाऱ्या निम्म्या चुका आपोआप बंद होतात. बीटी सारखा जिवाणू किडीने खावा लागतो, मग तो आतड्यात काम करतो, त्यामुळे सोंडेने रस पिणाऱ्या किडीला तो पोचतच नाही. बुरशीला खायची गरज नाही, बीजाणू अंगावर पडला की चिकटतो, ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो, कोंबाचं टोक फुगून कातडीवर घट्ट बसतं आणि मग विकरं सोडून कातडी विरघळवत आणि जोर लावत आत घुसतं. आत गेल्यावर रक्तात वाढते, विष सोडते, कीड सुस्त होते, खाणं सोडते, काही दिवसांत मरते. सोयाबीनमध्ये मेटारायझियम रायलीने मेलेली अळी एकदा जवळून बघा, ती पानाच्या कडेला किंवा शेंड्याकडे पाय रोवून घट्ट बसलेली असते, वाटतं जिवंतच आहे, हात लावला की कडक लागते, मोडली तर कुजलेली नसते आणि वास येत नाही. आधी सगळं अंग पांढरं होतं आणि हवेत ओल राहिली तर वर फिकट हिरवी पूड धरते, फुंकर मारली की धूर उडाल्यासारखी उडते. याच्याउलट विषाणूने मेलेली अळी लोंबकळते, मऊ पडते आणि आतून पाणी गळतं. दोन्ही चांगल्याच, पण वेगळ्या. अशी हिरवी पूड धरलेल्या अळ्या शेतात जागोजागी दिसत असतील तर दोन-तीन दिवस हात आवरा आणि परत मोजा, एवढंच म्हणणं आहे.

आता पाकिटातल्या बुरशीचं. ज्यांना रिझल्ट आला नाही त्यातल्या बऱ्याच जणांनी ती रासायनिक औषधासारखी वापरलेली असते, भर दुपारी, कोरड्या हवेत, आणि वेळ वाचवायला त्याच टाकीत बुरशीनाशक घालून. बीजाणू जिवंत आहेत हो. उन्हातल्या अतिनील किरणांत ते काही तासांत मरायला लागतात म्हणून फवारणी संध्याकाळी, कोंब फुटायला ओल पाहिजे म्हणून रात्रीचं दव किंवा ढगाळ हवा कामाची, आणि पाकीट महिनोन्महिने पत्र्याच्या गरम खोलीत पडलेलं असेल तर आत फक्त पांढरी पावडर उरते. लेबलवर दर ग्रॅमला जिवंत बीजाणूंचा आकडा आणि उत्पादनाची तारीख असते, ती वाचा, किंमत वाचायच्या आधी ती वाचा. आणि फवारल्यावर दुसऱ्या दिवशी कीड हलतेय म्हणून शिव्या घालू नका, आतला कारभार व्हायला वेळ लागतो. बीजाणू किडीच्या अंगावर पडायला पाहिजेत हेही लक्षात ठेवा, पांढरी माशी पानाच्या खाली बसते आणि आपण वरून पाऊस पाडतो, मग कसं होणार.

कोरड्या हवेतही ही बुरशी चालवता येते हे टोळांवर सिद्ध झालंय. १९८९ मध्ये आफ्रिकेतल्या टोळांसाठी लुबिलोसा नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, त्यात मेटारायझियमची टोळ आणि नाकतोड्यांवरच चालणारी जात निवडली आणि बीजाणू पाण्याऐवजी तेलात मिसळले. तेलामुळे ते टोळाच्या मेणचट अंगाला बरोबर धरतात आणि हवेतल्या ओलीवर फार अवलंबून राहत नाहीत. त्यातून ग्रीन मसल हे उत्पादन आलं, २००९ मध्ये टांझानियात लाल टोळांवर ते मोठ्या क्षेत्रावर वापरलं, २०२० च्या टोळधाडीत सोमालियातही मेटारायझियम वापरलं गेलं. टोळ मरायला आठवडा-दोन आठवडे लागतात हे खरं, म्हणून पिकाच्या तोंडाशी आलेल्या थव्यावर हे काम देत नाही, पंख न फुटलेली पिल्लं लांब असतानाच मारावी लागतात.

मेटारायझियमचं अजून एक सांगतो कारण हे वाचून मी स्वतः चाट पडलो होतो. २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठातल्या लोकांनी अळ्यांमध्ये खूण केलेला नायट्रोजन घातला, अळी आणि झाडाची मुळं यांच्यामध्ये इतकी बारीक जाळी लावली की मूळ पलीकडे जाऊच शकणार नाही, फक्त बुरशीचे तंतू जातील. थोड्या दिवसांनी तो खुणेचा नायट्रोजन झाडात सापडला. म्हणजे बुरशीने मातीत अळी मारली आणि तिचा नायट्रोजन मुळांना आणून दिला. एकच बुरशी किडीला मारणारी आणि मुळाशी भागीदारी करणारी. आपण मात्र जमिनीत बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग करताना, म्हणजे ते मुळाशी ओतताना, यातलं काय मरतंय ते विचारतही नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की किडीजवळची बुरशी म्हणजे आपल्याच बाजूची. तसं अजिबात नाही, आणि हा दुसरा अर्धा भाग तुमच्या पानावर कधीच येत नाही. खोडाला बारीक भोकं पाडणारे शॉट होल बोरर घ्या. हा भुंगेरा लाकूड पोखरतो पण लाकूड खात नाही. मादीच्या शरीरात बुरशी ठेवायला खास पिशवी असते, त्यांच्यातल्या युवॅलेसिया नावाच्या गटात ती तोंडात आहे, त्यातून ती बुरशी नेते, खोडात बोगदा पाडते, भिंतींना बुरशी लावते आणि ती वाढली की आई आणि पिल्लं सगळी तिच्यावर जगतात. मुलं भावंडांशी आतच जोडी जमवतात आणि नवीन मादी बाहेर पडताना पिशवी भरून घेऊन निघते. त्यामुळे नवीन ठिकाणी एकच मादी पोचली तरी पूर्ण वसाहत उभी राहू शकते. फांदी आडवी कापून बघा, जेमतेम मिलिमीटरभराचं भोक आत जाऊन फाटे फुटलेले असतात, भोकाभोवतीचं लाकूड तपकिरी-काळं पडलेलं असतं आणि ताज्या बोगद्याच्या भिंतीवर ओलसर पांढरट थर असतो, त्यात पाय नसलेल्या पांढऱ्या अळ्या. ॲव्होकॅडोवर तर बाहेर सालीवर भोकाभोवती साखरेची पांढरी पूड जमते. या भुंगेऱ्याची फ्युझारियम बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बिघडवते आणि फांदी वरून वाळायला लागते. इस्रायलमध्ये २००९ ला आणि नंतर कॅलिफोर्नियात ॲव्होकॅडोच्या बागांना याचा चांगलाच दणका बसला, श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत याचीच भावकी शंभर वर्षांहून जास्त काळ त्रास देत आहे.

याच्याहून वाईट प्रकार म्हणजे लॉरेल विल्ट हा झाड सुकवणारा रोग. आशियातला एक छोटा भुंगेरा, झायलेबोरस ग्लॅब्रेटस, २००२ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या सव्हाना बंदराजवळ सापडला, बहुतेक लाकडी पॅकिंगमधून आला असावा असं मानतात. त्याच्याबरोबर राफेलिया लॉरिकोला बुरशी आली. आशियातल्या आपल्या मूळ घरी हे जोडपं सहसा मेलेल्या-मरणाऱ्या झाडांवरच असतं, तिकडे मात्र धडधाकट झाडं काही आठवड्यांत सुकायला लागली कारण बुरशी आत आली की झाड घाबरून स्वतःच्याच नळ्या बंद करतं आणि पाण्यावाचून मरतं. रेडबे नावाची तिथली कोट्यवधी जंगली झाडं गेली आणि फ्लोरिडातल्या ॲव्होकॅडोवर संकट आलं. इथे दोषी कोण, कीड का बुरशी? दोघांपैकी एकालाच पकडून उपयोग नाही. भुंगेरा आत गेल्यावर वरून मारलेलं कीटकनाशक त्याला लागत नाही, तो लाकूड खात नाही म्हणून झाडातून भिनणारं औषधही त्याच्या पोटात नीट जात नाही, आणि नुसतं बुरशीनाशक दिलं तर भुंगेरे येतच राहतात. म्हणून आधी पोखरलेल्या फांद्या कापून बागेबाहेर नेऊन नष्ट करायच्या आणि ते लाकूड दुसरीकडे सरपण म्हणून पाठवायचं नाही, मग खोडाचं काय ते बघायचं. कापलेला ढीग बांधालाच रचून ठेवणारे खूप बघितलेत, भुंगेरे त्यातून सावकाश निघतात आणि परत बागेत येतात.

सेप्टोबेसिडियम तर फारच पोचलेली बुरशी आहे. फांदीवर मखमली कापडाचा तुकडा चिकटवल्यासारखी पसरते, खाली खवले कीड राहते. बुरशीच्या छपरामुळे किडीला ऊन, पाऊस आणि परोपजीवी माश्या यांच्यापासून संरक्षण मिळतं आणि बदल्यात बुरशी काही किडींच्या अंगात तंतू घालून त्यांचा रस पिते, त्या मरत नाहीत पण त्यांना पिल्लं होत नाहीत. घरमालकाने भाडं म्हणून दर काही घरांमागे एक भाडेकरू स्वतःच खावा असा हिशोब. फांदी घासली की दोन्ही जातात, नुसतं वरून फवारलं तर औषध छपरावरच राहतं.

आणि काही बुरश्या तर बाहेर दिसतच नाहीत. भातावरचा तपकिरी तुडतुडा, ज्याच्यामुळे शेतात गोल गोल जळाल्यासारखे पट्टे पडतात, त्याच्या पोटातल्या चरबीत यीस्टसारखी बुरशी असते, आईकडून अंड्यातून पिल्लाकडे जाते. कीटकांना स्टेरॉल, म्हणजे पेशींना लागणारा चरबीसारखा पदार्थ, स्वतः बनवता येत नाही, ते ही बुरशी देते, शिवाय अंगात साठलेलं युरिक ॲसिड पुन्हा वापरून अमिनो आम्लं बनवून देते, म्हणून नायट्रोजन कमी असलेल्या रसावरही हा गडी टिकतो. प्रयोगात ३५ अंशाला काही दिवस ठेवून ही बुरशी कमी केली तर पिल्लांची वाढ खुंटते, कात टाकता टाकता मरतात. आणि २००१ मध्ये जनुकांवरून कळलं की या घरगुती यीस्टचे पूर्वज कॉर्डिसेप्सच्या कुळातले, म्हणजे किडीला मारणाऱ्या बुरश्यांच्याच खानदानातले. मारणारी होती ती पोसणारी झाली. साठवणीतल्या तंबाखू-मसाल्यात होणाऱ्या सिगारेट बीटलची गोष्ट पण अशीच, त्याच्या आतड्याजवळच्या कप्प्यात सिंबायोटाफ्रिना नावाची बुरशी असते, ती जीवनसत्त्वं देते आणि काही विषारी पदार्थ मोडून टाकते, मादी अंड्यावर तिचा लेप देते आणि अळी बाहेर येताना कवच खाऊन ती घेते. तंबाखूसारख्या विषारी गोष्टीवर किडा आरामात कसा जगतो याचं थोडंफार उत्तर यात आहे.

वाळवी आणि पानं कापणाऱ्या मुंग्या बुरशीची शेती करतात हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय म्हणून लांबवत नाही, फक्त एक गंमत, दक्षिण अमेरिकेतल्या या मुंग्यांना प्रयोगात बुरशीनाशक लावलेली पानं दिली तर त्या पहिल्या दिवशी आनंदाने नेतात कारण त्यांना स्वतःला काही होत नाही, पण आतली बुरशी आजारी पडली की त्या त्या जातीचं पान नेणंच बंद करतात, साधं न फवारलेलं पानही. म्हणजे बुरशीला काय पचत नाही ते मुंग्यांना कळतं.

मक्याचं मात्र सोडता येणार नाही कारण ते थेट खाणाऱ्याच्या तब्येतीशी जोडलेलं आहे. कणसात अळीने दाणा कुरतडला की त्या जखमेतून फ्युझारियम आत शिरते आणि फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते, भुईमूग आणि मक्यात ॲस्परजिलस बुरशी असेल तर अफ्लाटॉक्सिन हे विष. अळीने खाल्लेला दाणा डोळ्याला दिसतो, विष दिसत नाही, आणि भाजून-शिजवून ते सगळं जात नाही. १९९० च्या दशकातच अमेरिकेत दिसलं होतं की अळीला न बळी पडणाऱ्या बीटी मक्यात फ्युमोनिसिन कमी येतं, बीटीने बुरशीला काही केलं नव्हतं, फक्त अळीची भोकं कमी झाली. बीटीच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलत नाहीये, त्यावर तुमच्याकडे आधीच खूप पत्रं येत असतील. सांगायचं एवढंच की अळीचं नियंत्रण उत्पादन किती घटतं एवढ्यावर ठरवलं तर या विषाचा हिशोब कुठेच लागत नाही. कीडलेली कणसं वेगळी काढा, ओली साठवू नका आणि ती वेगळी काढलेली जनावरांना घालून मोकळे होऊ नका, घोड्यांना फ्युमोनिसिनने मेंदूचा आजार होतो.

तर संपादक साहेब, मागणी साधी आहे. कीड आणि बुरशी एकत्र असा प्रश्न आला की उत्तर देणाऱ्याने आधी फोटो मागावा, पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि जमलं तर मेलेल्या किडीचा जवळून. फोटो नसेल तर उत्तरात डब्याचं नाव छापू नये, ओलं बोट आणि लेन्स घेऊन काय बघायचं ते छापावं. जैविक बुरशीची शिफारस करताना त्याच प्लॉटवर त्या आठवड्यात कोणती बुरशीनाशकं मारलीत हे विचारल्याशिवाय शिफारस देऊ नये. आणि एखाद्या रविवारी अर्धं पान फोटोंना द्या, काजळीचं पान, माव्याची कात, गांधीलमाशीने खाल्लेला मावा, लव आलेला मावा, हिरवी पूड धरलेली अळी आणि कापलेल्या फांदीतला काळा बोगदा, एकाशेजारी एक, मोठे आणि रंगीत, काळ्या-पांढऱ्यात छापले तर काहीच कळणार नाही. परवाच्या त्या प्रश्नकर्त्याने अजून फवारलं नसेल तर त्याला उद्याच्या अंकात तेवढं थांबायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक